सामूहिक बैठकीतून संघाकडे : कारंजा लाडच्या निमित्ताने

वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाड हे तालुक्याचे गाव महाराष्ट्राच्या धर्मेतिहासात मुख्यतः दोन परंपरांमुळे ओळखले जाते. गुरुचरित्राने दत्तावतारी मानलेल्या श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून तेथील गुरुमंदिराकडे भाविकांची रीघ असते, तर सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैनांच्या तीन शाखांची मंदिरे व त्यांनी जपलेली हस्तलिखिते यांमुळे प्राकृत आणि अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासकांना हे गाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून परिचित आहे. तिसरी परंपरा आजच्या स्वरूपात त्या मानाने अलीकडची, म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातील गावागावांत पोहोचलेली बौद्ध परंपरा होय. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 65 लाख बौद्ध होते, म्हणजे देशातील एकूण बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक, आणि वाशिम जिल्ह्यात दर सात माणसांमागे साधारण एक जण बौद्ध होता. या परंपरेतील जयंती, वर्धापनदिन, मिरवणूक, वंदना ही अंगे सर्वांच्या नजरेस पडतात. परंतु काही माणसे ठरलेल्या वारी एका खोलीत जमतात, तासभर डोळे मिटून बसतात आणि फारसे न बोलता आपापल्या घरी जातात, या प्रकाराविषयी शेजाऱ्यांनाच नव्हे तर पुष्कळदा घरच्यांनाही कुतूहलमिश्रित शंका असते.

या प्रकाराला साधकांच्या बोलीत ‘सामूहिक साधना’ किंवा नुसतेच ‘बैठक’ म्हणतात. वंदना आणि बैठक यांत फरक आहे, आणि तो आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. वंदनेत त्रिसरण म्हणजे बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जाण्याची प्रतिज्ञा आणि पंचशील म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान यांपासून दूर राहण्याचे पाच नियम सामुदायिक स्वरात म्हटले जातात. बैठकीत मात्र प्रत्येकाने आपल्या श्वासाकडे किंवा शरीरातील संवेदनांकडे, म्हणजे उष्णता, मुंग्या, ताण, वेदना अशा जाणिवांकडे, प्रतिक्रिया न देता पाहायचे असते, आणि हे काम सर्वस्वी ज्याचे त्याला एकट्यालाच करावे लागते. मग एकट्याने करायच्या कामासाठी दहा माणसांनी एकत्र का यावे, आणि अशा मुक्या एकत्र येण्यातून ज्याला संघ म्हणावे असे काही खरोखरच निर्माण होते का, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

पाली ग्रंथांत ध्यानाची शिफारस केलेली स्थळे पाहिली तर ती एकांताची आहेत : अरण्य, झाडाचे मूळ, शून्यागार म्हणजे रिकामी कुटी. तथापि त्याच ग्रंथांत समूहाच्या मौनाची काही विलक्षण चित्रेही आढळतात. मज्झिम निकायात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन भिक्षूंचे वर्णन आहे. ते दुधापाण्यासारखे एकजीव होऊन राहतात, भिक्षेहून जो आधी परत येईल तो आसने मांडतो व पिण्याचे पाणी भरून ठेवतो, मागाहून येणारा झाडलोट करतो, रिकामे मडके उचलायला दुसऱ्याची मदत लागली तर हाताच्या खुणेने बोलावतो, आणि दर पाचव्या दिवशी तिघे मिळून रात्रभर धम्मचर्चेसाठी बसतात. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात याहून नाट्यमय प्रसंग आहे. पित्याचा वध करून मगधाच्या गादीवर बसलेला अजातशत्रू पौर्णिमेच्या रात्री राजवैद्य जीवकाच्या आंबराईत बुद्धांच्या भेटीस निघतो. तेथे साडेबाराशे भिक्षू आहेत असे त्याला सांगितलेले असते, पण आंबराईजवळ येऊनही शिंकेचा, खाकरण्याचा, कसलाच आवाज येत नाही, तेव्हा जीवकाने आपल्याला दगा देऊन शत्रूच्या हाती दिले की काय, अशा भयाने राजाच्या अंगावर काटा उभा राहतो. समूह म्हटला की गलबला असणारच असे गृहीत धरणाऱ्या मनाला मौन पाळणारा समूह प्रथमदर्शनी भीतिदायक वाटतो, हे त्या सुत्ताच्या रचनाकाराने अचूक टिपले आहे, आणि सामूहिक बैठकीला पहिल्यांदाच दारातून डोकावणाऱ्या आजच्या माणसाचा अनुभव, राजवध वगळता, याहून फार वेगळा नसतो.

वाशिम जिल्ह्याचा या इतिहासाशी असलेला संबंध 1956 पासून सुरू होतो असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. वाशिम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, आणि या शाखेचा पाचव्या शतकातील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे खोदवून भिक्षुसंघाला अर्पण केले, असे त्या लेण्यातील शिलालेखावरून कळते. या लेण्याची रचना विहाराची आहे : मधोमध खांबांनी वेढलेले प्रशस्त दालन, तीन बाजूंना भिक्षूंच्या निवासाच्या चौदा खोल्या, आणि मागच्या भिंतीशी बुद्धमूर्तीचे गर्भगृह. एकाच्या वाट्याला येणारी अंधारी खोली आणि सर्वांच्या वाट्याला येणारे दालन एकमेकांना लागून असावेत, दाराबाहेर पाऊल टाकले की माणूस समूहात यावा आणि वळले की एकांतात जावा, ही सोय दगडातच करून ठेवलेली आहे. अशी बैठक जिच्यातून आली त्या विपश्यना परंपरेच्या आजच्या केंद्रांत मधला पॅगोडा, त्यातील एकट्याने बसायची शून्यागारे आणि शेजारचा मोठा धम्म हॉल यांची जी मांडणी दिसते ती या जुन्या विहारांची नक्कल नसली तरी गरज तीच आहे.

गृहस्थांनी, म्हणजे नोकरी, शेती, दुकान सांभाळणाऱ्या माणसांनी नियमाने ध्यान करणे ही गोष्ट मात्र बौद्ध जगातही जुनी नाही, हे सांगितले की अनेकांना आश्चर्य वाटते. थेरवादी देशांत शतकानुशतके उपासकाचे काम दान देणे, शील पाळणे आणि पुण्य जोडणे एवढेच मानले जाई, ध्यान हा भिक्षूंचा, आणि त्यांच्यातीलही थोड्यांचा प्रांत असे. हे चित्र पालटले ते ब्रह्मदेशात. 1885 मध्ये इंग्रजांनी तेथील राजसत्ता संपवली, धर्माला असलेला राजाश्रय गेला, आणि लेडी सयाडो (1846–1923) या विद्वान भिक्षूने धर्म टिकवायचा तर तो सामान्यांच्या हाती दिला पाहिजे या विचाराने गृहस्थांना अभ्यास व साधना शिकवण्याचा सपाटा लावला. त्यांच्या परंपरेतील सया तेजी हे व्यवसायाने शेतकरी, त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन (1899–1971) हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल, आणि ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (1924–2013) हे मंडाले येथे जन्मलेले मारवाडी व्यापारी. शेतकरी, सरकारी अधिकारी आणि व्यापारी अशी ही आचार्यांची ओळ लक्षात घेतली की या पद्धतीत चीवराला, म्हणजे भिक्षूच्या वस्त्राला, नव्हे तर रोजच्या सरावाला एवढे महत्त्व का आहे याचा उलगडा होतो.

गोयंका 1955 मध्ये अर्धशिशीच्या असह्य दुखण्याने ऊ बा खिन यांच्याकडे गेले, चौदा वर्षे त्यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले आणि 1969 मध्ये भारतात आले. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी घेतलेल्या पहिल्या शिबिरात चौदा माणसे होती. 1976 मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे ‘धम्मगिरी’ केंद्रात शिबिरे सुरू झाली आणि पुढे या परंपरेचे ते मुख्य केंद्र ठरले. विदर्भातील साधकाला आता तेवढा लांबचा प्रवास करण्याची गरज उरलेली नाही, कारण नागपूरजवळ माहुरझरी येथे ‘धम्म नाग’ आणि अकोला जिल्ह्यात तेल्हारा येथे ‘धम्म अनाकुल’ ही केंद्रे आहेत. आणि ज्याला इगतपुरीलाच जायचे आहे त्याच्यासाठी कारंजाजवळून जाणारा व 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग थेट त्या गावाच्या अंगावरून जातो, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

या समुदायात शिरण्याचे दार एकच आहे, आणि ते दहा दिवसांच्या निवासी शिबिराचे. बैठकीला बसायचे तर आधी शिबिर पूर्ण केलेले असावे, असा नियम आहे. असे शिबिर पूर्ण केलेल्याला ‘जुना साधक’ म्हणतात, मग त्याचे वय बावीस का असेना. शिबिरात पहाटे चारला घंटा होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात. मधल्या वेळेत सुमारे दहा तास ध्यान असते, परंतु त्यांतील पुष्कळ तास साधकाने आपल्या निवासात किंवा हॉलमध्ये सोयीप्रमाणे बसायचे असतात. सर्वांनी न चुकता हॉलमध्ये यायचे असते ते सकाळी आठ, दुपारी अडीच आणि संध्याकाळी सहा वाजताच्या तीन बैठकांना. पहिले साडेतीन दिवस आनापान म्हणजे नैसर्गिकपणे आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या श्वासावर, नाकपुड्यांखालच्या छोट्याशा जागेवर लक्ष ठेवण्याचा सराव चालतो. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत क्रमाक्रमाने संवेदना पाहण्याची रीत शिकवली जाते. आणि त्यानंतर या तीन बैठकांना ‘अधिष्ठान’ असे विशेष रूप येते. अधिष्ठान म्हणजे दृढ निश्चय : पूर्ण तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, मांडी मोडायची नाही.

ज्याने आयुष्यभर जमिनीवर बसून जेवण केले आहे त्यालाही पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास गुडघा जाणवू लागतो, पस्तिसाव्याला तो गुडघा सोडून जगात दुसरे काही उरत नाही, आणि याच वेळी शिकवलेले सूत्र उपयोगी पडते की नाही याची परीक्षा होते, कारण सूत्र एवढेच असते की ही वेदनादेखील बदलते आहे, तिच्याविषयी चीड उत्पन्न न करता ती कशी बदलते ते पाहावे. येथे समूहाचे काम सुरू होते. एकट्याने बसलेला माणूस पस्तिसाव्या मिनिटाला सहज मांडी बदलतो, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. पण डाव्या हाताला बसलेल्या अनोळखी माणसाचा श्वास संथ चाललेला ऐकू येत असताना, मागून कुणाची तरी दबलेली उसासण्याची चाहूल येत असताना, म्हणजे त्यालाही दुखते आहे आणि तरी तो हललेला नाही हे कळत असताना, माणूस आणखी पाच मिनिटे काढतो. यात थोडी स्पर्धा आहे, थोडी लाजही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंपरेतील लोक सामूहिक साधनेच्या बळाविषयी बोलताना तरंगांची भाषा वापरतात. ती ज्यांना पटत नाही त्यांनीही शेजाऱ्याच्या धीराने आपला धीर वाढतो ही साधी गोष्ट मान्य करायला हरकत नसावी.

शिबिरात नऊ दिवस ‘आर्य मौन’ असते, म्हणजे वाणीने, खुणेने वा चिठ्ठीने परस्परांशी संवाद करायचा नसतो. व्यवस्थेविषयी धम्मसेवकाला आणि साधनेविषयी सहायक आचार्यांना मात्र विचारता येते. दहाव्या दिवशी मौन सुटते, आणि ज्याच्या शेजारी नऊ दिवस बसलो त्याचे नाव, गाव, जात, पगार यांपैकी काहीही माहीत नसताना त्याच्याविषयी आपुलकी निर्माण झाली आहे, हे शिबिरार्थींच्या ध्यानात येते. आपल्या समाजात ओळखीचा क्रम नेमका उलटा असतो, आधी आडनाव आणि मग बाकीचे. त्या दृष्टीने पाहता दहा दिवसांच्या या व्यवस्थेचे सामाजिक मोल तिच्या आध्यात्मिक दाव्यांइतकेच मोठे आहे. शिबिरासाठी, निवासासाठी वा जेवणासाठी शुल्क घेतले जात नाही, आणि दान केवळ शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारले जाते. त्यामुळे प्रत्येक नवा साधक आधीच्या कुणातरी अनोळखी साधकाच्या पैशावर जेवलेला असतो. संघ म्हणजे काय याचे याहून ठोस स्पष्टीकरण देणे कठीण आहे.

खरी अडचण घरी परतल्यावर सुरू होते. साधकाने रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, आठवड्यातून एकदा इतरांबरोबर बसावे आणि वर्षातून एकदा शिबिराला जावे, अशी अपेक्षा असते. यांतील पहिली अपेक्षा बहुतेकांच्या हातून महिन्याभरात निसटते, आणि निसटलेला माणूस सावरतो तो दुसऱ्या अपेक्षेच्या आधाराने. तालुक्याच्या गावी साप्ताहिक सामूहिक साधनेला लागणारे सामान अगदी थोडे असते : एखाद्या साधकाच्या घरची माडी किंवा विहाराची खोली, सतरंज्या, काही गाद्या, ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी मागे दोन-चार खुर्च्या, आणि गोयंकांच्या आवाजातील सूचना ऐकवणारे यंत्र. चपला बाहेर काढून माणसे आत येतात, स्त्रिया एका बाजूला व पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, ध्वनिमुद्रित पाली पठण व थोड्या सूचना झाल्या की सारे शांत होते. वीज जाते, पंखा थांबतो, रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते. या सर्व गोष्टी केंद्रातील हॉलमध्ये नसतात, आणि म्हणूनच गावातील बैठक केंद्रातील बैठकीपेक्षा अवघड असते. शेवटी काही मिनिटे मंगल मैत्री, म्हणजे आपल्याला लाभलेली शांती सर्व प्राणिमात्रांना मिळो अशी भावना केली जाते, सर्व जण ‘साधु, साधु, साधु’ म्हणतात आणि उठतात. चहा असलाच तर असतो, व्याख्यान नसते. अशा बैठका टिकतात की मोडतात हे सिद्धांतावर ठरत नाही, किल्ली ज्याच्याकडे आहे त्या माणसाच्या चिकाटीवर ठरते. त्याची बदली झाली, मुलीचे लग्न निघाले की तीन आठवडे खंड पडतो, आणि तीन आठवड्यांचा खंड पुष्कळदा कायमचा ठरतो.

कारंजासारख्या गावाला सामूहिक धर्माचरणाचे वावडे कधीच नव्हते. गुरुचरित्राचे सप्ताह-पारायण, भजनी मंडळांचे कार्यक्रम हे सर्व समूहानेच चालते. फक्त त्यात समूहाला बांधणारी गोष्ट म्हणजे आवाज. मौनाने बांधलेल्या बैठकीला गावातील सर्वांत जवळची परंपरा शोधायची तर ती जैनांच्या सामायिकात सापडते, ज्यात श्रावक दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, सांसारिक व्यवहार बाजूला ठेवून समभावाने बसतो. दोहोंचे तत्त्वज्ञान वेगळे आहे, जैन परंपरा आत्मा मानते आणि बौद्ध परंपरा स्थिर आत्मा नाकारते. तरीही ठरावीक मुदत बांधून घेऊन गृहस्थाने स्तब्ध बसावे ही कल्पना कारंज्याच्या मातीला परकी नाही, आणि ‘डोळे मिटून बसल्याने काय होते’ असा प्रश्न विचारणाऱ्या गावकऱ्याच्या गल्लीतच त्याचे एक उत्तर शेकडो वर्षे दिले जात आले आहे.

आता दुसऱ्या वाटेकडे वळले पाहिजे, कारण वऱ्हाडातील बहुसंख्य बौद्धांच्या दृष्टीने संघाचे दार शिबिराचे नसून वस्तीतील विहाराचे आहे. तेथे प्रवेशासाठी कोणतीही पूर्वअट नाही. पांढरी साडी नेसलेल्या आया-आजींबरोबर मूल वंदनेला येते आणि ऐकून ऐकून पाली गाथा पाठ करते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात, म्हणजे पूर्वी भिक्षू एका ठिकाणी मुक्काम करून राहत त्या पावसाळी तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी एक अडचणीचा प्रश्न उपस्थित केला आहे : बुद्धांनी भिक्षुसंघ निर्माण केला तो परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी की लोकांचा सेवक, मित्र व मार्गदर्शक घडवण्यासाठी? केवळ स्वतःच्या परिपूर्णतेत गढलेला भिक्षू बौद्ध धम्माच्या प्रसाराला उपयोगी नाही, अशी त्यांची धारणा होती, आणि आंबेडकरी चळवळीतील अनेक कार्यकर्ते विपश्यनेकडे साशंकतेने पाहतात त्याचे मूळ येथे आहे. अन्यायाने उत्पन्न होणारी वेदना नुसती समतेने पाहत बसायचे असेल तर तो अन्याय दूर कोण करणार, असा त्यांचा आक्षेप असतो. शिवाय गोयंकांनी आपली शिकवण कोणत्याही संप्रदायाची नाही, धर्मांतराची गरज नाही, असे सांगितल्याने ज्यांच्यासाठी धर्मांतर हीच मुक्तीची घटना होती त्यांना ती भूमिका परकी वाटते.

हा आक्षेप वजनदार आहे, तो उडवून लावता येत नाही. परंतु प्रत्यक्षात वऱ्हाड-नागपूर भागातील शिबिरांना जाणाऱ्यांत बौद्ध समाजातील माणसांचा भरणा मोठा आहे, आणि त्यांना विहार व बैठक यांत निवड करावी लागते असे वाटत नाही. सकाळी वंदनेला जाणारा शिक्षक संध्याकाळी बैठकीला बसतो, 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जातो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिर करतो. वाद लेखांतून आणि व्यासपीठांवर जितका टोकदार असतो तितका तो माणसांच्या आठवड्यात असत नाही.

हे दोन प्रवाह जाणीवपूर्वक जोडण्याचा प्रयत्न एका तिसऱ्या संस्थेने केला आहे. मूळचे इंग्रज भिक्षू संघरक्षित (1925–2018) हे बाबासाहेबांच्या परिनिर्वाणाची वार्ता आली त्या दिवशी, 6 डिसेंबर 1956 रोजी, नागपुरात होते आणि पुढचे काही दिवस त्यांनी तेथील शोकाकुल नवदीक्षितांपुढे सभांमागून सभा घेतल्या. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी 1967 मध्ये एका नव्या बौद्ध संघटनेची स्थापना केली, आणि त्यांचे शिष्य लोकमित्र 1977 मध्ये योगाभ्यासासाठी पुण्याला आले असता धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनी नागपुरात थांबले, तेथील जनसमुदाय पाहून भारतातच राहिले. त्यांच्या कामातून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण उभा राहिला. 2010 पासून तो त्रिरत्न बौद्ध महासंघ या नावाने ओळखला जातो. पुण्याजवळ भाजे येथे, तसेच वर्धा जिल्ह्यात बोरधरण येथे त्याची शिबिरस्थळे आहेत, आणि नागपूरच्या नागलोक परिसरात देशभरातील तरुण निवासी प्रशिक्षण घेतात.

या महासंघात शिरण्याची रीत विपश्यनेहून वेगळी आहे. साप्ताहिक धम्मवर्ग कुणालाही खुला असतो. त्यात आनापानसती आणि मेत्ता भावना, म्हणजे प्रथम स्वतःविषयी, मग मित्र, तटस्थ व्यक्ती, शत्रू आणि अखेर सर्व प्राणी यांच्याविषयी क्रमाने मैत्री वाढवण्याचे ध्यान, हे दोन प्रकार शिकवले जातात, आणि बैठकीनंतर चर्चा होते, चहा होतो, एकमेकांच्या अडचणी विचारल्या जातात. नियमित येणाऱ्याने इच्छा दर्शवली की त्याला ‘धम्ममित्र’ केले जाते, ज्यात तो बुद्धमूर्तीपुढे फूल, मेणबत्ती व उदबत्ती अर्पण करतो. त्यापुढे अनेक वर्षांच्या तयारीनंतर स्त्री-पुरुषांना ‘धम्मचारिणी’ व ‘धम्मचारी’ म्हणून दीक्षा मिळते, आणि ते भिक्षूही नसतात व नुसते उपासकही नसतात. विपश्यनेत बैठक ही शिबिराच्या मागून येते, येथे ती आधी येते. विपश्यनेत मैत्री मौनातून वाढावी अशी अपेक्षा असते, येथे ती बोलण्यातून वाढवली जाते. स्वभावाने अबोल माणसाला पहिली वाट मानवते, आणि ज्याला घरी-दारी कुणी ऐकून घेणारे नाही त्याला दुसरी, एवढे ढोबळ विधान करायला हरकत नाही. मात्र विपश्यना परंपरेत दोन पद्धतींची सरमिसळ न करण्याचा आग्रह धरला जातो, त्यामुळे दोन्ही ठिकाणी काही काळ जाऊन पाहणाऱ्याने पुढे एक काय ते ठरवावे, हे बरे.

कोणत्याही वाटेने जाणाऱ्याने एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. दीर्घ मौन आणि दिवसाचे दहा तास ध्यान हे प्रत्येक मनाला झेपतेच असे नाही; शिबिराच्या अर्जात मानसिक आजार व औषधोपचार यांविषयी प्रश्न विचारलेले असतात ते यासाठीच, आणि ‘तेथे गेल्यावर सगळे बरे होईल’ या समजुतीने नातेवाइकांनी ती माहिती दडवून आजारी माणसाला पाठवणे धोक्याचे आहे. मानसोपचारतज्ज्ञाची औषधे चालू असतील तर ती कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत.

राहता राहिला प्रश्न तो वेळेचा, आणि शेतीवर जगणाऱ्या तालुक्यात तोच सर्वांत मोठा आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना दहा दिवसांच्या शिबिरासाठी रजेची सोय आहे, शिक्षकांना सुट्ट्या असतात, निवृत्तांना सवड असते. त्यामुळे छोट्या गावांतील बैठकांत याच वर्गांची माणसे अधिक दिसतात. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला दहा दिवसांची मजुरी सोडणे परवडत नाही, शिबिर विनाशुल्क असले तरी नाही, आणि तिच्या मागे घर सांभाळणारे कुणी असतेच असे नाही. केंद्रांतील एकदिवसीय शिबिरे जुन्या साधकांपुरती असतात, त्यामुळे तीही तिच्या कामाची नाहीत. तिच्यापर्यंत ध्यान पोहोचते ते बहुधा वस्तीतील विहारातूनच, जेथे वंदना झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे आनापान घेण्याचा प्रघात काही ठिकाणी रुळला आहे. वर्षावासाच्या दिवसांत निंदण करून परतलेल्या, घरची चूल आटोपून ग्रंथवाचनाला आलेल्या बाया हातपाय धुऊन ओळीने बसतात, त्यांतील एखादीला डुलकी लागते, आणि शेजारीण तिला कोपराने ढोसत नाही.